अटलांटा पडलं नसतं तर लिंकन हरला असता का?

जुनाट:
२३ ऑगस्ट १८६४. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू, नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक. अध्यक्ष लिंकनने कागदावर लिहिलं की हे सरकार बहुधा पुन्हा निवडून येत नाही. कागद दुमडला आणि त्याच्या मागच्या बाजूला मंत्र्यांच्या सह्या घेतल्या, आत काय आहे ते न दाखवता! उत्तरेचे सेनापती अडलेले: ग्रँट पीटर्सबर्गपाशी, शर्मन दक्षिणेतल्या अटलांटाबाहेर. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि वारं फिरलं. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसने जुलैत सावध सेनापती जॉन्स्टनला काढून उतावळ्या हूडला नेमलं नसतं, तर शहर नोव्हेंबरपर्यंत तगलं असतं. मग लिंकनविरुद्ध उभा असलेला डेमोक्रॅट, माजी सेनापती मॅक्लेलन अध्यक्ष आणि गुलामगिरी शाबूत.

तिरकस:
आकडे बघा की राव. इलेक्टोरल मतं (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी) २१२ विरुद्ध २१. मॅक्लेलनला न्यू जर्सी, डेलावेअर, केंटकी, बस्स. एवढी दरी एका शहरामुळे पडते होय?

जुनाट:
दरी दिसते तेवढी नाही. एकट्या न्यूयॉर्कची ३३ मतं, आणि तिथे सात लाखांवर मतदान होऊन आघाडी ७ हजारांच्या आत. देशभरात ५५-४५.

मीनल:
सैनिकांना विसरलात दोघंही. छावणीतून मत दिलेल्यांत चारातले तीन लिंकनचे, आणि त्यांत मॅक्लेलनच्या हाताखाली लढलेलेही होते! शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅट्सनी युद्ध फसलं म्हणून तहाची मागणी केली. ज्याने शेजारचा सोबती पुरलाय तो याला मत देईल? अटलांटा असो-नसो, ही मतं हलत नव्हती.

तिरकस:
मॅक्लेलनने तहाचं ते कलम उमेदवारी स्वीकारतानाच झिडकारलं. आधी संघराज्य, मग शांतता. शिवाय शपथविधी ४ मार्चला, म्हणजे तोवर सैन्य लिंकनच्याच हाती. युद्ध तसंही जिंकलंच असतं.

जुनाट:
जिंकून काय? मॅक्लेलनच्या अटींत संघराज्य होतं, गुलामांची मुक्ती नव्हती. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती जून १८६४ ला प्रतिनिधिगृहात आपटली होती. ३१ जानेवारी १८६५ ला जेमतेम निघाली, तीही लिंकनने निवडणुकीचा कौल पुढे केल्यावर. हरलेल्याचं कोण ऐकतं?

गिरगावकर:
अवांतर: युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईच्या कापसाला भाव होता; तहाची नुसती आवई उठली असती तरी मुंबईत कापसाचा भाव गडगडला असता. १८६५ ला युद्ध संपलं आणि बॅकबे (समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनी)चे शेअर मातीमोल झालेच. आपल्या शेठजींचं मत लिंकनला, लिहून घ्या.

तिरकस:
@जुनाट, जानेवारीत बाजूने मत देणाऱ्यांत निवडणूक हरलेले डेमोक्रॅटही होते. घरी निघालेल्या माणसाला कौलाची कसली भीती?