मदत हवी आहे : मावशीचा फुप्फुसाचा कॅन्सर, ईजीएफआर रिपोर्ट आणि टार्गेटेड थेरपीची गोळी

नमस्कार. मावशीसाठी लिहिते आहे. वय ५८, भांडुपला राहते. विडी-सिगरेट सोडाच, तिने आयुष्यात कधी मिशरीसुद्धा लावली नाही. पावसाळ्यापासून खोकला होता. एक्स-रेमध्ये डाग दिसला म्हणून जवळच्या डॉक्टरांनी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरीही. खोकला काही हटेना, उलट छातीत पाणी झालं. मग पाणी काढलं, सीटी झाला, सुईने तुकडा घेतला आणि रिपोर्ट आला अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. पेट स्कॅनमध्ये मणक्यातही दिसतंय, म्हणजे स्टेज चार.

आता परळला टाटामध्ये फाईल झाली आहे. तुकड्याचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) ईजीएफआर, आल्क, रॉस-वन या जनुकांतले बदल शोधायच्या तपासण्यांसाठी गेला आहे आणि ‘रिपोर्ट येऊ द्या, मग औषध ठरवू’ असं डॉक्टर म्हणाले. घरात मात्र कुणाला धीर नाही. मामा म्हणतो, हातावर हात धरून काय बसायचं, आजच केमो सुरू करा. शेजारच्या काकूंचं म्हणणं, हल्ली गोळीवर भागतं, तीच आणा आणि द्या.

डॉक्टरांना विचारून आणि वाचून मला जे समजलंय ते असं, चुकत असेल तर सांगा. ईजीएफआर हे पेशीच्या आवरणावरचं एक प्रथिन आहे. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते तो आत पोचवतं. काही कॅन्सरमध्ये या प्रथिनाच्या जनुकात बदल होतो आणि निरोप आलेला नसतानाही आत ‘वाढा’ असा हुकूम सुटतच राहतो. गोळी त्या प्रथिनाच्या आतल्या भागात जाऊन बसते आणि तो हुकूम थांबवते. केमोचा मारा भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर होतो, म्हणून केस जातात, तोंड येतं. गोळीचा मारा निवडक असतो. पण त्वचेत आणि आतड्यातही ईजीएफआर असतं, म्हणून पुरळ आणि जुलाब होतात. हा बदल सिगरेट न ओढणाऱ्यांमध्ये, बायकांमध्ये आणि आशियाई लोकांमध्ये जास्त सापडतो, असं कळल्यापासून माझा जीव त्या रिपोर्टात अडकलाय.

विचारायचं ते हे. रिपोर्टची वाट बघण्यात धोका आहे का? बदल सापडलाच तर गोळी जेफिटिनिब की ओसिमर्टिनिब, हे कशावर ठरतं? दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विम्यात गोळ्या बसतात का? आणि रोजच्या जगण्याचं काय? मावशी पोळीभाजीचे डबे देते. तिने मला एकच प्रश्न विचारला, ‘डबे बंद करू का गं?’ मला उत्तर देता आलं नाही.

रानजाई :
ताई, माझे यजमान याच गोळ्यांवर आहेत, तेव्हा अनुभवाचं लिहिते.

रिपोर्टशिवाय गोळी अजिबात नको. २००९ साली आशियातल्या रुग्णांवरचा आयपास नावाचा मोठा अभ्यास छापून आला. ज्यांच्यात हा बदल होता त्यांना जेफिटिनिब केमोपेक्षा सरस ठरलं, आणि ज्यांच्यात नव्हता त्यांचं गोळीवर केमोपेक्षा वाईट झालं. काकूंना एवढंच सांगा. श्वास फार लागत असेल तर मात्र डॉक्टर केमोचा पहिला डोस आधी देऊ शकतात, हे मामांना सांगा.

जेफिटिनिबबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ‘स्वस्त म्हणजे कमी प्रतीचं’ असं आम्हालाही वाटलं होतं. टाटामध्येच ३५० रुग्णांवर अभ्यास झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या जेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, तर सोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं दिल्यावर १६ महिने. केमोमुळे त्रास जास्त झाला, हेही खरं. ओसिमर्टिनिब पुढच्या पिढीचं औषध. एकट्या गोळीवर आजार साधारण १९ महिने थांबला आणि ते मेंदूपर्यंत चांगलं पोचतं. त्यामुळे मेंदूचा एमआरआय झाला आहे का, हे विचाराच. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क काढलं, पुढे जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी ते महागच आहे. टाटामधल्या मेडिकल सोशल वर्करना भेटा. कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना, ट्रस्ट, जन आरोग्य योजना यातलं तुम्हाला काय लागू होतं ते तिथे नीट कळतं.

विम्याचं म्हणाल तर ओरल केमोथेरपी (तोंडाने घ्यायची केमो) विमा कंपनीला सरसकट नाकारता येत नाही, रकमेची मर्यादा घालता येते. तुमची गोळी त्यात धरतात का, हे लेखी विचारा. फोनवरच्या हो-ला अर्थ नाही.

आता डबे. पुरळ बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच उठतं. चेहरा, छाती, पाठ. ते तारुण्यपीटिकांसारखं दिसतं, पण पिंपल्सची मलमं लावू नका, त्वचा आणखी कोरडी पडते. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर पहिल्या दिवसापासून लावायचं. मला काळजी वाटते ती मावशींच्या बोटांची. पुढे नखांच्या कडा सुजतात, त्वचेला भेगा पडतात आणि कणीक मळताना मीठ त्यात जातं. यजमानांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. तेव्हा मळणं आणि भांडी दुसऱ्या कुणाकडे द्या, हातमोजे वापरा, नखं खोल कापू नका. लाटणं, फोडणी, हिशेब त्यांच्याकडेच राहू देत. डबे लगेच बंद करायला सांगू नका. कमी करा.

दवाखाना_गल्ली :
मी फार्मासिस्ट आहे. वरचं सगळं वाचताना मला खटकलं ते एकेटी. ती अजून चालू आहे का? त्यातलं रिफॅम्पिसिन यकृताला या गोळ्या फार वेगाने मोडायला लावतं. जेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण त्याने खूप खाली येतं, ओसिमर्टिनिबचंही. गोळी रोज पोटात जाईल आणि काम अर्धवट होईल. टाटाच्या डॉक्टरांना एकेटीचा कागद दाखवलात का? स्वतःहून बंद करू नका, टीबी खरंच असेल तर तेही गंभीर आहे. पण हे पुढच्या तारखेपर्यंत ठेवू नका.

तसंच अ‍ॅसिडिटीची गोळी. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर पॅन्टोप्राझोल घेणारे घरोघरी आहेत. ती पोटातलं आम्ल कमी करते, आणि जेफिटिनिब नीट शोषलं जायला आम्ल लागतं. ओसिमर्टिनिबला ती अडचण नाही. मावशी जे जे घेतात, काढे आणि आयुर्वेदिक चूर्णं धरून, त्याची यादी फाईलला लावा.

आणखी एक. रिपोर्ट यायच्या आत कुणी इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) सुचवली तर थांबायला हरकत आहे का, हे जरूर विचारा. ती दिल्यावर लगोलग ओसिमर्टिनिब सुरू झालं तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. गोळी चालू असताना अचानक दम लागला किंवा कोरडा खोकला वाढला तर ओपीडीची वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ती :
एकेटी चालूच आहे! टाटाच्या फॉर्मवर ‘चालू औषधं’मध्ये आम्ही फक्त बीपीची गोळी लिहिली होती, एकेटी पीएचसीतून मिळते म्हणून ती कुणाच्या लक्षातच आली नाही. पॅन्टोप्राझोलही रोज घेते. उद्या सकाळी तारीख नसली तरी ओपीडीत जाते, दोन्ही पाकिटं आणि टीबीचं कार्ड घेऊन. एमआरआयचंही विचारते. रानजाईताई, डब्यांचं मावशीला वाचून दाखवलं. मळायला शेजारच्या मुलीला सांगते म्हणाली, पण लाटणार तीच.

ब्लॉकमधला तुकडा तपासणीला कमी पडला तर रक्तावरून हीच तपासणी होते असं ऐकलंय. कुणी केली आहे का? त्यात बदल सापडला नाही तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो का?

दवाखाना_गल्ली :
होते. रक्तात सापडला तर त्यावर औषध सुरू करतात. नाही सापडला तर मात्र ‘नाही’ असं धरून चालत नाहीत, कारण कधीकधी रक्तात गाठीचा डीएनए पुरेसा उतरलेलाच नसतो. तेव्हा पुन्हा तुकडा घ्यावा लागू शकतो. मावशींच्या छातीतून काढलेलं पाणी लॅबने जपून ठेवलं असेल तर त्यातल्या पेशींवरही तपासणी होऊ शकते. उद्या गेलात की हे पहिलं विचारा.