समाज विज्ञानाचा तास: पोरांना गाव दाखवायचं की प्रश्नोत्तरं घोटून घ्यायची?

खानापूरचा मास्तर:
परवा स्टाफरूममध्ये यावरून जुंपली, म्हणून इथं विचारायलोय. दहावीला कित्तूरचा पाठ आहे. 1824 ला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सैन्याशी झालेल्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, पुढे 1831 ला राणीच्या सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला फाशी. नंदगड आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर. पोरं बाजाराला तिथूनच जातात, आणि चाचणीत फाशीचं ठिकाण म्हणून ‘कित्तूर’ लिहितात!

यंदा वर्ग चालत रायण्णाच्या समाधीपर्यंत नेला. निघायच्या आधी दोन चिठ्ठ्या दिल्या. एक कंपनीच्या साहेबाच्या तोंडची: ‘बंडखोर पकडला.’ दुसरी गावकऱ्याच्या तोंडची: ‘आमच्या रायण्णाला फितुरीनं धरून दिलं.’ दोन्ही मीच लिहिल्यात, हेही सांगून टाकलं. प्रश्न एवढाच, की दोघांनाही मान्य असलेली गोष्ट कुठली? वडाखाली पाऊण तास भांडली पोरं. शेवटी एकीनं विचारलं, ‘सर, फितुरांनी लिहिलेली चिठ्ठी कुठाय?’

तीस वर्षं खडू:
सर, छान. आता दहावीचं बोलूया. पेपर ऐंशी मार्कांचा. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, व्यवहार अध्ययन असा सगळा गाडा मार्चच्या आत ओढायचा. तुमचा एक पाठ झाला तोवर आमचे तीन झाले. कच्च्या पोराला भारताचा नकाशा रोज काढायला लावला तर त्याचे मार्क तरी हातात पडतात. वडाखाली पाऊण तास भांडून काय पडतं?

निपाणीच्या बाई:
नकाशाचं पटलं. मी रोज पहिली पाच मिनिटं कोऱ्या कागदावर नकाशा काढून घेते, बघायचं नाही, नंतर शेजाऱ्यानं तपासायचा. पण भूगोलाला घोटणं चालत नाही हो. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीला पावसाचा धिंगाणा आणि अथणीकडं आभाळाकडं डोळे. पोरं पावसाळाभर पेपरातले तालुक्याचे आकडे भिंतीवरच्या तक्त्यात भरतात. सह्याद्रीची पर्जन्यछाया मला शिकवावीच लागली नाही. खर्च एक स्केचपेन.

पालक, वडगाव:
या उपक्रमांचं खरं सांगू? आमच्याकडं पोरगं रात्री अकराला थर्माकोल कापतंय आणि आई किल्ल्याचा बुरूज चिकटवतीय. एफएचे, म्हणजे शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे, मार्क आईला द्या.

खानापूरचा मास्तर:
हे मान्य. घरी न्यायचा उपक्रम मी बंद केलाय. जे काय ते तासातच, खडू आणि वहीवर.

तीस वर्षं खडू:
आणि पोरांनी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न काढला तर? नंदगडावरून महाजन आयोगावर यायला त्यांना दोन मिनिटं पुरतात. माझ्या वर्गात एकानं सरळ विचारलं, ‘सर, आपण कुठल्या राज्यात पाहिजे होतो?’ खिडकीबाहेर इन्स्पेक्शनला आलेले साहेब उभे. मी म्हटलं, पान नंबर बेचाळीस काढा.

खानापूरचा मास्तर:
मला विचारलं तेव्हा मी फळ्यावर तीनच ओळी लिहिल्या. 1956: राज्य पुनर्रचना. 1967: महाजन आयोगाचा अहवाल, 264 गावं महाराष्ट्राला द्या म्हणणारा, बेळगाव मात्र नाही, कर्नाटकनं मानला, महाराष्ट्रानं नाकारला. 2004: सुप्रीम कोर्टात दावा. मग विचारलं, यातलं घडलेलं कुठलं, सुचवलेलं कुठलं आणि मागितलेलं कुठलं? माझं मत सांगितलं नाही. वर्गात कन्नड घरातली चार पोरं आहेत, त्यांनी तर आधी बरोबर लावलं.

तीस वर्षं खडू:
तुमची नोकरी पक्की आहे, म्हणून हे सुचतंय. गेस्ट टीचरला सांगून बघा.

निपाणीच्या बाई:
मी गेस्टच आहे सर. महाजनला हात लावत नाही, पाऊस मोजते. पण त्या दोन चिठ्ठ्या इथं टाका की, सोमवारी माझा कित्तूरचाच पाठ आहे.