जुनी स्टीलची एमटीबी (माउंटन बाइक), फ्रेम खरंच हलकी आहे का कसं ओळखायचं?

गंगापूररोडकर: मंडळी, नाशिकमधेच एक जुनी २६ इंची एमटीबी मिळतेय, पुढे सस्पेन्शन नाही, टँगे या जपानी नळ्या बनवणाऱ्या कंपनीचं स्टिकर अर्धं उडालंय पण नळ्या इतक्या सडपातळ आणि देखण्या आहेत की नजर हटत नाही. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील, ज्याच्या नळ्या पातळ करता येतात) आहे की साधं जड स्टील, कसं कळेल? अंजनेरीकडे न्यायचीय.

सह्याद्री_पेडल: भाऊ, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) काढून त्यावरचा जाडीचा आकडा बघ. सीट ट्यूब, म्हणजे ही दांडी ज्यात बसते ती फ्रेमची नळी, बाहेरून २८.६ मिमी असेल आणि पोस्ट २७.२ तर नळी पातळ, बहुतेक चांगली क्रोमोली. २५.४ निघाला तर जाड, जड नळी. उत्तम दर्जाच्या नळ्या बटेड असतात म्हणजे जोडापाशी जाड नि मधे पातळ, त्यामुळे वजन वाचतं आणि खडीवर जो मऊपणा जाणवतो ना, त्यासाठीच मी जुनं स्टील सोडत नाही!

घाटवेडा: बॉटम ब्रॅकेट (पेडलचा अक्ष बसतो ती फ्रेमच्या तळाची जागा) उघडून गंज नक्की बघा, आपल्याकडच्या पावसाचं पाणी सीट ट्यूबमधून तिथेच उतरतं. आणि प्लीज त्यावर लांब सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा स्प्रिंगवाला चिमटा) चढवू नका, पुढचा भाग उचलला जातो आणि हँडलिंग बिघडतं.

गंगापूररोडकर: पोस्टवर २७.२ आहे!! उद्याच घेतो.