मदत हवी आहे: कादंबरीचा आराखडा किती तपशिलात करावा?

नमस्कार. वडिलांच्या मृत्युपत्रावरून दोन बहिणींमध्ये पेटलेल्या वादावर मी कादंबरी लिहिण्याच्या तयारीत आहे. सुरुवात आणि शेवट निश्चित आहे. अडचण मधल्या भागाची आहे. कथानक दोन काळांत चालते आणि धाकटीने मृत्युपत्र दडवल्याचे वाचकाला थोरलीच्या आधी कळावे की नंतर, यावर पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगाचा क्रम अवलंबून असल्यामुळे, प्रकरणवार आराखड्याशिवाय लेखनाला हात घालणे मला धोक्याचे वाटते. सध्या प्रत्येक प्रसंगाचे एक कार्ड करून त्यावर काळ, निवेदक आणि प्रसंगाअखेर कोणाला काय ठाऊक झाले, एवढेच लिहिते. (तिसरी नोंद सर्वांत उपयोगी पडते.) मात्र संवादही आधीच टिपून ठेवले, तर पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी वागू लागतील, अशी भीती वाटते. शिवाय प्रत्येक काळाला स्वतंत्र उत्कर्षबिंदू द्यावा की दोन्ही एकाच प्रकरणात आणावेत, याचे उत्तर तीन अंकी रचनेतून (सुरुवात, संघर्ष आणि शेवट अशा तीन भागांच्या मांडणीतून) मिळत नाही. ज्यांनी अशी कादंबरी पूर्ण केली आहे, त्यांनी आराखडा कुठवर नेला आणि एखादे पात्र त्याबाहेर जाऊ लागले तेव्हा पुढची कार्डे बदलली की पात्राला आवरले, हे कृपया सविस्तर सांगावे.