गाडीतला जुना अँप घरच्या स्पीकरला जोडावा की नाही?

माळावरचा_रेडिओ
बाबांची जुनी गाडी गेल्या महिन्यात विकली. देण्याआधी डिकीतला चार चॅनलचा अँप (अॅम्प्लिफायर) काढून घेतला. घरी सोनोडाइनचे लाकडी स्पीकर आहेत, आठ ओहमचे. त्यांचा मूळ अँप कधीच बंद पडलाय. दोघांची गाठ घालायची म्हटलं तर ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "गाडीचं सगळं चार ओहमचं असतं. ओहम जुळत नाहीत, स्पीकर जळतील."

माझं ठाम मत आहे की ही भीती उलटी आहे. अँपला त्रास होतो तो ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी झाले की, कारण करंट वाढतो. आठ ओहमवर तो उलट थंड राहतो. फक्त वॅट निम्मे होतात: चार ओहमवर 45 असतील तर आठवर साधारण 22. आणि वॅट निम्मे म्हणजे आवाज निम्मा नव्हे, फक्त 3 डेसिबल कमी. 88 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर 1 वॅटवर एक मीटरवर 88 देतो, 20 वॅटवर 101. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढा आवाज कोण लावणार? चांगली वस्तू भंगारात देऊ नये, एवढंच म्हणायचंय.

वायंडिंग
ओहमचं गणित बरोबर आहे. पण खरी अडचण ओहमची नाहीच, विजेची आहे आणि ती तुम्ही सोडूनच दिलीत. गाडीचा अँप 12 व्होल्टवर चालतो. त्याच्या पोटात एक कन्व्हर्टर असतो, तो त्या 12 चे दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस व्होल्ट करतो. म्हणजे घरी आधी 230 चे 12 करायचे, मग 12 चे पुन्हा वर चढवायचे. दोनदा उष्णता, दोनदा नासाडी.

शिवाय चार चॅनल आहेत म्हटल्यावर तुम्ही ब्रिज करणारच, म्हणजे दोन-दोन चॅनल मिळून एकेका स्पीकरला जोडणार. आठ ओहमवर ब्रिज केलं की प्रत्येक चॅनलला चार ओहम दिसतात, स्पीकरमागे 90 वॅट. दोघांचे 180. एबी क्लासची, म्हणजे या जुन्या धाटणीच्या अँपची, कार्यक्षमता 55 टक्के धरा, आत 330 वॅट लागतील, म्हणजे 12 व्होल्टवर 27 अँपिअर. एवढा सप्लाय विकत घेण्यापेक्षा टीपीए3116 या चिपचा, कमी तापणाऱ्या डी क्लासचा छोटा अँप-बोर्ड आणि 24 व्होल्टचा अॅडॅप्टर घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात. वर्षानुवर्षं उन्हात डिकीत भाजलेल्या कपॅसिटरवर माझा विश्वास नाही.

कराडकर
वायंडिंग, 27 अँपिअर हा कमाल आकडा झाला. गाणं म्हणजे सलग शिट्टी नव्हे. सरासरी करंट त्याच्या कितीतरी खाली राहतो. मी चार वर्षं असाच अँप 12 व्होल्ट 30 अँपिअरच्या एसएमपीएसवर (230 चे 12 व्होल्ट करणारा सप्लाय) चालवतोय, तोच जो एलईडीच्या पाट्यांना लावतात. त्यावर व्होल्टेजचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून तेराच्या आसपास ठेवा. अँपचे वॅट बहुधा 14.4 व्होल्टवर मोजलेले असतात, बरोबर 12 वर ताकद घटते.

आणखी दोन गोष्टी. 'रिमोट'च्या टर्मिनलला प्लसवरून छोटी वायर दिल्याशिवाय अँप सुरूच होणार नाही. अनेक जण इथेच "बिघडलाय" म्हणून फेकून देतात. दुसरं, क्रॉसओव्हरचं बटण 'फुल'वर हवं. माझा आधी सबवूफरला होता, एलपीएफवर, म्हणजे फक्त खालचे सूर सोडणाऱ्या जागी, राहून गेला. दोन दिवस वाटत होतं गाणारा रजईत तोंड घालून बसलाय.

जुनाबाजार
एसएमपीएस कशाला, गाडीची बॅटरी आणि चार्जर ठेवा. करंट हवा तेवढा आणि घरघर अजिबात नाही.

नाशिकची
कृपा करून बॅटरी बैठकीत आणू नका. साधी लेड अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद खोलीत ते धोक्याचं आहे. आणि टर्मिनलवर एखादा पाना पडला तर फ्यूज नसलेली वायर लाल होते.

एसएमपीएसवाल्यांनाही सांगते. त्या पत्र्याच्या डब्याला 230 व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. माझ्या भाच्याचा हात तिथून दोन बोटांवर होता, तो दिवस मी विसरलेले नाही. डबा बंद पेटीत, हवेला भोकं, अर्थिंग जोडलेलं, अँपच्या प्लसच्या वायरवर फ्यूज. हे जमत नसेल तर वायंडिंग म्हणतात तो बोर्ड घ्या. त्याचा अॅडॅप्टर तरी बंद असतो. आवाजापेक्षा मला हा मुद्दा मोठा वाटतो.

माळावरचा_रेडिओ
नाशिकची, मान्य. पेटी आधी करतो, बाकी नंतर.

वायंडिंग, नासाडीचं मात्र पटलं नाही. नवा बोर्ड, नवा अॅडॅप्टर बनवायलाही वीज आणि तांबं लागतंच की. हा अँप रोज दोन तास चालेल. त्यात जाणारे चार-दोन जास्त वॅट मला चालतील.

वायंडिंग
चालवा, पण स्पीकर लगेच जोडू नका. फोन किंवा काही न लावता अँप सुरू करा आणि मल्टिमीटर डीसीवर ठेवून प्रत्येक चॅनलच्या प्लस-मायनसवर मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. व्होल्टात आकडा आला तर तो डीसी सरळ वूफरच्या कॉइलमध्ये जाईल. मेकॅनिक म्हणाला तसे स्पीकर जळतात, पण ते असे. ओहममुळे नाही.

माळावरचा_रेडिओ
मोजलं. एक नंबर 18 मिलिव्होल्ट, दोन नंबर 22, चार नंबर 31. तीन नंबरवर 1.9 व्होल्ट.

वायंडिंग
तीन नंबर गेलाय. तीन-चार मिळून ब्रिज होणार नाही, तो विचार सोडा. दुरुस्त होईपर्यंत तीन-चारला काहीही जोडू नका.

कराडकर
एक आणि दोन, साधे, एकेक स्पीकर. 22-22 वॅट.

माळावरचा_रेडिओ
तेवढेच तर मी पहिल्यांदा धरले होते. रविवारी पेटी तयार झाली की जोडतो. वायंडिंग, तीन नंबर उघडून बघायला तुम्ही पुण्यात कुठे भेटू शकाल?