नागपंचमीची मेंदी आणि शाळेचे कपड्यांचे नियम : तुमचे अनुभव सांगा

जास्वंद
काल नागपंचमी. लेकीने आदल्या रात्री हौसेने मेंदी काढून घेतली, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून झोपली. सकाळी इतकी सुरेख रंगली होती! तेवढ्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, मेंदी लावलेल्या मुलींना प्रार्थनेच्या रांगेत घेणार नाही. चौथीतली पोर ती. माझ्याकडे बघून म्हणते, "आई, लिंबू लावू का?"

आणि मी एकदम १९९६ सालात. पाचवीत होते. कॉन्व्हेंट, नाव नको. आईने लिंबू आणि मीठ घेऊन माझे तळवे इतके चोळले की रंग तसाच राहिला आणि कातडी सोलली. शाळेत सिस्टर रांगेतून फिरायच्या. हात पुढे, सरळ, उलटे, नखं. मला बाजूला काढलं. वर्गात कोणी काही बोललं नाही, पण आठवडाभर मी हात काखेत धरून बसत होते.

टिकलीचं वेगळंच. गेटच्या उजव्या खांबाला आम्ही सगळ्याजणी आत जाताना टिकल्या चिकटवायचो. सुटल्यावर ज्या हाताला लागतील त्या परत कपाळावर. पावसाळ्यात खाली गळून पडायच्या. त्या खांबावर लाल-मरून ठिपक्यांची दाटी असायची, अजून डोळ्यांसमोर आहे.

लेकीला काल घरीच ठेवलं. तिच्या हाताला लिंबू लावणार नाही एवढं ठरवलंय. तुमच्या शाळांमध्ये काय होतं? कॉन्व्हेंट, पाठशाळा, मदरसा, कुठलीही. लिहा.

निशिगंध
खांब!!! आमच्याकडे कंपासपेटीच्या झाकणाची आतली बाजू.
गुडघ्यांवर बसवून स्कर्टची कड जमिनीला टेकते का बघायचे ते कोणाकोणाच्या शाळेत होतं? दर जूनला आई दुमड उसवून एक पट्टी खाली सोडायची. वरचा स्कर्ट उन्हाने विटलेला आणि खालची दोन बोटं पट्टी नवी कोरी गर्द निळी. जुन्या घडीची पांढरट रेघ इस्त्रीने पण जात नसे. त्या रेघा मोजल्या की मुलगी किती वर्षं तोच स्कर्ट घालतेय ते कळायचं. मला ते फार लागायचं.

कोकमसार
अगदी अगदी. तीन रेघांची मी पण.

आबोली
मी गोव्याची, बार्देशातली. आमच्या शाळेत केसांत फुलं चालत नसत आणि घरून तर रोज फाती माळूनच निघायचं, आज्जी त्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. मग गेटपाशी फाती काढून एका टोपलीत ठेवायचो. आमच्या एक म्हाताऱ्या मदर होत्या, त्या टोपलीवर पाणी शिंपडून ती सावलीत ठेवायच्या. सुटताना ज्यांना हवी त्यांनी घ्यायची, उरलेली त्या सायबिणीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, पुतळ्यापुढे घालायच्या. कितीदा मी मुद्दाम माझी तिथेच ठेवून जायचे. आज्जी विचारायची फाती कुठे गं, मी सांगायचे सायबिणीला दिली. तीही खूष व्हायची.
नियम तोच, पण राबवणारं माणूस कसं आहे त्यावर सगळं असतं बघा.

निशिगंध
आबोली किती गोड लिहिलंस गं. डोळे भरून आले, भाजी लागायची वेळ आली इकडे.

शिवारातला
मुलांकडूनही लिहितो. दहावीनंतर दोन वर्षं आळंदीत होतो, एका छोट्या संस्थेत. पांढरं धोतर, बाराबंदी, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन. आळंदीत ही रीत जुनी आहे, जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हापासून गावात माळकरी विद्यार्थी दिसतातच.
मी गावाकडून पँट-शर्टात गेलेलो. धोतर नेसायला यायचं नाही. पहिल्या आठवड्यात इंद्रायणीवर धुणं धुताना सुटलं, सगळा घाट बघत होता. एका थोरल्या विद्यार्थ्याने काही न बोलता आपलं उपरणं पुढे केलं आणि आडोशाला नेऊन निऱ्या कशा घालायच्या, कासोटा कसा खोचायचा ते दाखवलं. रोज पहाटे साडेचारला त्यानेच शिकवलं, आठ दिवस. आज तो मोठा कीर्तनकार आहे.
जड गेलं ते दुसरंच. सुटीत एसटीने घरी जाताना शेंडी आणि टिळा बघून कॉलेजची पोरं मागून टोपी उडवायची. तेव्हा वाटायचं काढून ठेवावं सगळं पिशवीत. काढलं नाही कधी. पण वाटायचं खरं.

कोकमसार
शिवारातला, कुठल्या साली होता आळंदीला? माझा मामेभाऊ होता तिकडे २००४ च्या सुमारास, मृदंग शिकायला.

शिवारातला
२००२ ते ०४. मृदंगवाला म्हणजे सांगलीकडचा का? उंच, डावखुरा? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सोलापुरी चादर
घाईत लिहितेय, बारकं झोपलंय तोवर.
आम्ही मुसलमान, शाळा मिशनची. घरून स्कार्फ बांधून निघायचे, शाळेचा थांबा यायच्या आधी बसमध्येच काढायचा, आठ घड्या घालून डब्याच्या पिशवीत. मैत्रीण दप्तर धरायची आणि माझे केस नीट करून द्यायची, कारण स्कार्फखाली चपटे व्हायचे. चार वर्षं हे रोज. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, शाळा आवडायची, गणिताच्या बाई फार चांगल्या होत्या.
धाकटीला नाही जमलं. सातवीनंतर तिने शाळाच बदलून घेतली, उर्दू माध्यमात गेली. हुशार होती माझ्यापेक्षा.
२०२२ च्या मार्चमध्ये वर्गातल्या हिजाबबंदीवर कर्नाटक हायकोर्टाचा निकाल आला ना, बंदी कायम ठेवणारा, आमच्यापासून विजापूर किती लांब, दोन अडीच तास. त्या दिवशी धाकटीचा फोन आला. निकालाबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "आपा, तुझ्या त्या मैत्रिणीचा नंबर आहे का गं, केस नीट करून द्यायची ती?" मग आम्ही दोघी नुसत्या रडलो. पुढे ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली.
उठला हा. येते.

जास्वंद
चादर, तुला घट्ट मिठी.

पिंपळपान
जास्वंदताई, उपयोगाचं सांगतो. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं होतं की सणासुदीला राखी, टिळा, मेंदी यावरून शाळांनी मुलांना शिक्षा करू नये. ते जाळ्यावर सापडेल, छापून सोबत न्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे, पण २०१४ मध्ये घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असं ठरवलं. म्हणून शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर कलम १७ वर भर देऊ नका. पत्र दाखवा आणि मुख्याध्यापिकांशी शांतपणे बोला. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

जास्वंद
धन्यवाद दादा. अर्ज आज रात्रीच लिहिते.

उंबर
मी दुसऱ्या बाजूची. गिरणगावातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये सत्तावीस वर्षं शिकवलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली.
नियम का होते ते आधी सांगते. एकीच्या हातात सोन्याच्या बांगड्या आणि शेजारचीच्या कानात कडुलिंबाची काडी, हे मी रोज बघत होते. मैदानात एक डूल हरवलं तर चार दिवस अख्ख्या वर्गाची दप्तरं तपासली जायची आणि संशय नेहमी त्याच दोन-तीन मुलींवर. म्हणून दागिना नको हे मला आजही पटतं.
पण गुडघ्यांवर मीही बसवलं आहे मुलींना. १९८२ च्या गिरणी संपानंतरची गोष्ट. नववीतली मुलगी, त्या वर्षी भराभर उंच झाली. कड जमिनीपासून चार बोटं वर. मी तिला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. मधल्या सुटीत जवळ जाऊन बघितलं तर दुमड पूर्ण उसवलेली, सोडायला कापडच उरलं नव्हतं. वडील गिरणीत होते, घरी बसून दीड वर्ष झालेलं. तिने मला हे सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.
त्यानंतर आम्ही तिघी शिक्षिकांनी स्टाफरूममध्ये एक कपाट केलं. दहावी होऊन जाणाऱ्या मुली युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून, खिशात मापाची चिठ्ठी घालून ठेवायच्या. शनिवारी शाळा सुटल्यावर कपाट उघडं असायचं आणि त्या खोलीत कोणी मोठं माणूस थांबायचं नाही. ज्याला जे हवं ते घ्यावं, नोंद नाही. गुडघ्यांवर बसवणं मी तरी त्या दिवसापासून बंद केलं.
ती मुलगी कुठे आहे माहीत नाही. ती हे वाचत असेल तर, बाळ, माझं चुकलं.

निशिगंध
बाई, नमस्कार करते.

सोलापुरी चादर
त्या खोलीत मोठं माणूस थांबायचं नाही, हे वाचून गलबललं.

गवतीचहा
थोडं अवांतर. पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांना काय लावायचात? आमच्याकडे ओला खडू. शनिवारी पाऊस आला की मोज्यांवर दुधासारखे ओघळ.

कोकमसार
खडूच. फळ्याखालचे तुकडे गोळा करायचे, त्याला चढाओढ. आणि पट्ट्याचं ते सापाच्या आकाराचं बकल, आठवतंय?

गवतीचहा
माझ्याकडे आहे अजून!! आईच्या शिवणाच्या डब्यात, हुकांच्या पुडीबरोबर. फोटो टाकते संध्याकाळी.

आबोली
उंबर बाई, आमच्या मदर पण अशाच होत्या. गेल्या त्या २०११ ला. दफनाला आम्ही पंधरावीस जणी गेलो होतो आणि न ठरवता प्रत्येकीच्या हातात आबोलीची फाती होती.

जास्वंद
आज सकाळी भेटून आले. अर्ज आणि आयोगाचं पत्र दोन्ही दिलं. मुख्याध्यापिकांनी पोच दिली, म्हणाल्या सोमवारी शिक्षिकांशी बोलून कळवते. तोवर लेकीला रांगेत उभं करायचं त्यांनी कबूल केलं.
बाहेर आले तर ती जिन्याखाली मैत्रिणीला हात दाखवत होती. उजव्या तळव्यावर नाग आहे, त्याचा फणा करंगळीकडे वळलाय. मैत्रीण बोटाने गिरवत होती.

गवतीचहा
बकलाचा फोटो टाकलाय बघा. गंज काढायला काय लावू?