एकूण गुणांच्या करारातले ६२ सेंट म्हणजे काय?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): मुलाच्या अमेरिकेतील विद्यापीठाचे बास्केटबॉल सामने आम्ही पहाटे चहा घेत बघतो. तिकडच्या अंदाज-बाजारात (जिथे निकालाच्या अंदाजांचे करार विकत घेता येतात) 'दोन्ही संघांचे मिळून एकूण गुण १४५.५ हून अधिक' या कराराचा भाव ६२ सेंट दिसला; त्याचा अर्थ काय?

उत्तर (वाशी): ताई, अंदाज खरा ठरल्यास करारामागे एक डॉलर मिळतो, चुकल्यास काहीच नाही, म्हणून ६२ सेंट म्हणजे बाजाराच्या मते साधारण ६२ टक्के शक्यता. एकूण गुण नेमके त्या आकड्याइतकेच होऊ नयेत म्हणून तो अर्धा गुण. विद्यापीठाचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा (अमेरिकेतील व्यावसायिक लीगचा) ४८ मिनिटांचा, त्यामुळे तिथले आकडे इथे लावू नका.

उत्तर (ऐरोली): भाव जरूर अभ्यासा, पण पैसे लावू नका, ही कळकळीची विनंती. भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, आणि मैदानावरची ती मुले अजून विद्यार्थीच आहेत.